गाडीत फोनवरचं गाणं खरखरतंय? आधी ती खरखर नीट ऐका

माझी पहिली गाडी सेकंडहँड. आधीच्या मालकाचं घर वेंगुर्ल्यात, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. गाडी सहा पावसाळे सुरूच्या झाडांखाली उघड्यावर उभी असायची. इंजिन उत्तम होतं, पण फोन ऑक्सच्या, म्हणजे इअरफोनसारख्या गोल पिनेच्या वायरने जोडून भजन लावलं की पखवाज कमी आणि खरखर जास्त ऐकू यायची. गणपतीला मुंबईहून आलेले काका मागच्या सीटवरून म्हणाले, "रे, ह्यां काय करकरता? बंद कर ता." मी नवा स्टिरिओ बसवून घेतला, तरी खरखर तशीच राहिली. शेवटी एका जाणत्या वायरमनने माझी जुनी ऑक्स वायर हातात घेतली, पिनेच्या मुळाशी साचलेला हिरवट थर नखाने खरवडून दाखवला आणि त्याच्याकडची साधी वायर लावून दिली. पखवाजाची थाप न् थाप मोकळी झाली.

म्हणून नव्याने गाडी घेतलेल्या कुणीही विचारलं की मी एवढंच सांगतो: आधी काही विकत घेऊ नका. आधी ऐका. आपल्या भाषेत नको असलेल्या आवाजांना भरपूर नावं आहेत आणि इथे ती फार कामाला येतात. करकर वेगळी, शिट्टी वेगळी, सूं वेगळं, टिकटिक वेगळी. तुमच्या गाडीतल्या आवाजाला नेमकं नाव देता आलं, तर तो कुठून येतोय हे बरंचसं कळलेलं असतं.

सुरुवात: अंगणात उभ्या गाडीत दहा मिनिटं

हे काम चालत्या गाडीत करायचं नाही. गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, काचा वर करा आणि पंखा, एसी बंद ठेवा. आता पुढच्या तपासण्या याच क्रमाने करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज गेला, तर तो कशामुळे गेला ते कळणार नाही आणि आठवड्याने परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पहिली तपासणी: इंजिन बंद ठेवून चावी फक्त स्टिरिओ चालू होईल इतकीच फिरवा. फोन जोडा, पण गाणं लावू नका. स्टिरिओचा आवाज नेहमीइतका ठेवून नुसतं ऐका. मग गाडी उघड्यावर असल्याची खात्री करून आणि गियर न्यूट्रलला ठेवून इंजिन चालू करा, पुन्हा ऐका. अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबा. आवाज इंजिनबरोबर आला किंवा इंजिनबरोबर वरखाली झाला, तर दोष विजेच्या बाजूला आहे. इंजिन बंद असतानाही तो तसाच असेल, तर वायर, पिन, फोन किंवा आवाजाची मांडणी बघायची.

दुसरी तपासणी: फोन पूर्ण काढून ठेवा आणि पेनड्राइव्हवरचं गाणं लावा. पेनड्राइव्हवरही तोच आवाज येत असेल, तर फोन निर्दोष आहे. स्टिरिओ, त्याचं अर्थिंग (गाडीच्या लोखंडी बॉडीशी असलेला जोड) किंवा स्पीकर यांपैकी कुठेतरी पाणी मुरतंय.

तिसरी: फोन चार्जिंगला लावलेला असेल तर चार्जर काढा. फोनमधून नुसती वायर काढू नका, लायटरच्या सॉकेटमधून अख्खा चार्जरच उपटा. स्वस्त चार्जर फोन नसतानाही खटपट करत राहतो.

चौथी: घरात दुसरी ऑक्स वायर असेल तर ती, दुसऱ्या कुणाचा फोन असेल तर तो लावून बघा.

आणि एक पाचवी, जी बहुतेक जण विसरतात: गाणंच तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवरून दहा हातांतून फिरत आलेलं डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचं रेकॉर्डिंग मुळातच खरखरीत असतं, कारण कुणीतरी ते मंडपात मागे बसून फोनवर टिपलेलं असतं. तेच गाणं इअरफोन लावून ऐका. तिथेही खरखर असेल तर गाडीला दोष देऊ नका.

करकर, तडतड: वायर हलवली की येते-जाते

आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त भेटतो तो हाच आवाज, म्हणून इथे जरा थांबतो.

ऑक्सची पिन ३.५ मिलीमीटर जाडीची. तिच्यावर काळ्या रिंगांनी वेगळे केलेले धातूचे तुकडे असतात: एक डाव्या बाजूचा, एक उजव्या बाजूचा आणि एक दोन्हींचा सामाईक, अर्थिंगचा. फोनच्या हेडसेटच्या पिनेला माइकसाठी चौथा तुकडा असतो. सॉकेटमधल्या छोट्या पट्ट्या या तुकड्यांना टेकून राहतात. टेकण्याच्या त्या जागी मीठ किंवा गंज आला, तर जोड लागतो-सुटतो आणि स्पीकरमधून करकर येते. सामाईक तुकड्याचा जोड सुटला, तर गाण्यातला गायक जवळपास नाहीसा होतो आणि नुसती वाद्यं पोकळ ऐकू येतात. असं झालं तर बहुधा पिन नीट बसलेली नसते. पुष्कळदा कारण इतकंच असतं, की फोनचं जाड कव्हर पिनेला आत जाऊ देत नाही. कव्हर काढून बघा.

आता मिठाबद्दल. लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, त्यातलं पाणी सुकतं आणि मिठाचा न दिसणारा थर मागे राहतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतला ओलावा ओढून स्वतःच ओलं होतं. पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीत जे होतं, तेच पिनेवर होतं. कोकणात जूनपासून पुढे तर बहुतेक वेळ आर्द्रता त्याहून जास्तच असते. म्हणजे पाऊस थांबला, गाडी आतून कोरडी दिसली, तरी धातूवर खारट ओल असतेच. तांब्याला हिरवटपणा येतो तो यामुळे. पुण्यात दहा वर्षं टिकणारी वायर मालवणात दोन पावसाळ्यांत जाते. तो वायरचा दोष नाही.

साफ करायची रीत अशी. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे आयपीए मिळतं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्याची छोटी बाटली घ्या. ते पेट घेतं, म्हणून दार उघडं ठेवा आणि जवळ विडी-सिगारेट नको. स्टिरिओ बंद करा. सुती कापडाचा तुकडा आयपीएत किंचित भिजवून पिन मुळापासून टोकापर्यंत पुसा. कापड काळं किंवा हिरवट होईल, ते स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. मग तीच किंचित ओली पिन गाडीच्या सॉकेटमध्ये दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा, दर दोन-तीन वेळांनी पुसून. कानाची कापूसकाडी त्या भोकात जात नाही आणि जबरदस्ती केली तर कापूस आत अडकतो. बाटली थेट सॉकेटवर ओतायची नाही. दहा मिनिटं सुकू द्या, मगच चालू करा.

आयपीए नाही म्हणून हाताला लागेल ते वापरू नका. सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन असतं, ते चिकट राहतं. खोबरेल आणि रॉकेलचा तेलकट थर धूळ धरतो. पॉलिशपेपरने घासलं तर वरचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात आतला धातू जास्त वेगाने गंजतो.

फोनचं भोकही बघा. खिशातल्या कपड्याची लव आत दाबली जाऊन तळाशी तिचा नमदा होतो आणि पिन पूर्ण बसत नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने ती लव हलकेच उचलून काढा. सुई किंवा टाचणी घालू नका. तोंडाने फुंकरही मारू नका, फुंकरीत ओलावा असतो.

नव्या पुष्कळ फोनना ऑक्सचं भोकच नसतं, चार्जिंगच्या जागी जोडायचा छोटा अ‍ॅडॉप्टर लागतो. यात दोन जाती आहेत. एकाच्या आत डिजिटल आवाजाचं रूपांतर करणारी चिप असते, दुसरा नुसता वायरींचा जोड असतो आणि तो काही मोजक्या फोनवरच चालतो. दुकानात उभं राहून आपल्या फोनला लावून ऐका, मगच घ्या.

एवढं करूनही डॅशबोर्डवरचं सॉकेट बोटाने दाबल्यावरच वाजत असेल, तर त्याच्या मागचा डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, बहुधा निखळला आहे. नवं सॉकेट महाग नसतं, बदलून घ्या.

शिट्टी: अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढते

तारकर्लीला पर्यटकांना फिरवणारा माझा एक मित्र आहे. त्याच्या गाडीत गियरसोबत बारीक शिट्टी वर-खाली व्हायची. गिऱ्हाईक विचारायचं, "दादा, इंजिनात काही आहे का?" इंजिनात काही नव्हतं. फोन चार्जिंगला आणि ऑक्सला एकाच वेळी लावलेला होता, बस.

होतं ते असं. ऑल्टरनेटर, ज्याला आपले मेकॅनिक अजून डायनामो म्हणतात, तो आधी एसी वीज तयार करतो आणि आतले डायोड तिची डीसी करतात. ती पूर्ण सपाट नसते, तिच्यावर बारीक लहरी उरतात. इंजिन जितकं वेगात, तितक्या त्या लहरी झपाट्याने येतात, म्हणून शिट्टीचा सूर चढतो. आता फोन दोन वाटांनी गाडीच्या अर्थला जोडला गेला: एकदा चार्जरमधून, एकदा ऑक्सच्या वायरमधून स्टिरिओतून. दोन्ही जागचा अर्थ काटेकोर सारखा नसतो, काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. त्या फरकामुळे ऑक्सच्या अर्थच्या वायरीतूनच प्रवाह फिरू लागतो आणि स्टिरिओ त्याला गाणं समजून मोठा करतो. याला ग्राउंड लूप म्हणतात.

तपासणी सोपी आहे. चार्जर उपटा. शिट्टी गेली? मग फोन पॉवरबँकवर लावा. पॉवरबँकचा गाडीच्या अर्थशी संबंध नाही, त्यामुळे चार्जिंग चालू असूनही शिट्टी येणार नाही. मित्राचा प्रश्न तिथेच सुटला. तो आता पॉवरबँक घरून भरून आणतो. मला हा उपाय सगळ्यात आवडतो, कारण यात गाडीच्या एकाही वायरीला हात लावावा लागत नाही.

पॉवरबँकची कटकट नको असेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी मिळते. तिच्या आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, पण दोन्ही बाजूंचे अर्थ एकमेकांना जोडलेले राहत नाहीत. ऑक्सच्या वायरीच्या मधे ती लावली की शिट्टी थांबते. अगदी स्वस्तातल्या डबीत ढोलाचा खर्ज थोडा पातळ होतो, तेवढं लक्षात ठेवून घ्या.

एक फसवी गोष्ट इथे सांगायला हवी. लायटरच्या सॉकेटवर चालणारा आणि ऑक्समध्ये घालायचा ब्लूटूथ रिसीव्हर पुष्कळ जण घेतात. फोनला वायर नाही, मग शिट्टी कशी, असं वाटतं. पण तो रिसीव्हर स्वतः त्याच दोन वाटांनी अर्थला जोडलेला असतो. उपाय तेच.

चार्जर काढूनही शिट्टी राहिली, पेनड्राइव्हवरही आली, तर स्टिरिओच्या अर्थकडे वळा. बाजारातल्या स्टिरिओच्या सॉकेटमध्ये साधारणपणे काळी वायर अर्थची, पिवळी बॅटरीची कायमची आणि लाल चावीवरची असते. कंपनीने बसवलेल्या स्टिरिओचे रंग वेगळे असू शकतात. काळी वायर डॅशबोर्डच्या आत एखाद्या बोल्टखाली दाबलेली असते आणि आपल्याकडे तो बोल्ट गंजतो. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, असेल तर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक स्टिरिओच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या उणे टोकाला लावा. इंजिन, दिवे आणि स्टिरिओ चालू ठेवा. आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा. त्याहून जास्त असेल तर बोल्ट सोडून खालचा रंग आणि गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचा, वायर आवळायची आणि वरून ग्रीसचा हात द्यायचा. इथे घासायचंच आहे, कारण हा बॉडीचा लोखंडी भाग आहे. पिनेसारखा नाजूक मुलामा इथे नाही.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचं उणे टोक सोडा. काही स्टिरिओ त्यानंतर कोड मागतात, तो आधी गाडीच्या कागदपत्रांत शोधून ठेवा. आणि डॅशबोर्डमध्ये पिवळ्या वेष्टनातले जोड दिसले तर त्यांना हात लावू नका. बहुतेक गाड्यांत ते एअरबॅगचे असतात.

मल्टिमीटर हातात आहेच तर बॅटरीच्या दोन टोकांवरही बघून घ्या. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू झालं की साधारण १३.८ ते १४.४. मग मीटर एसी व्होल्टवर करा. चालू इंजिनावर अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा येत असेल, तर डायनामोचा डायोड गेलेला असण्याची शक्यता मोठी. तो गाण्यासाठी नव्हे, बॅटरीसाठी आधी दुरुस्त करायचा.

सूं: गाणं असो-नसो, एकसारखं

हा बहुतेक वेळा बिघाड नसतो. फोनचा आवाज निम्म्यावर आणि स्टिरिओचा चाळीसवर ठेवला, की स्टिरिओ अशक्त आवाज मोठा करताना स्वतःची सूंही मोठी करतो. फोन ८०-९० टक्क्यांवर न्या, स्टिरिओ खाली आणा. आवाज पूर्ण वाढवला की काही फोन फाटके वाजतात, म्हणून शंभर नको. फोनमधला इक्वलायझर आणि बास वाढवणारं अ‍ॅप बंद करा.

टिक-टिकटिक-टिकटिक: फोन वाजायच्या आधी

आंबोली किंवा फोंडा घाटात गेलात की हा भेटतो. टॉवर दूर, रेंज कमी, मग फोन कधी जुन्या टूजी नेटवर्कवर उतरतो आणि पूर्ण जोर लावतो. टूजीत फोन सलग बोलत नाही, सेकंदाला सुमारे २१७ झटके पाठवतो. ९०० मेगाहर्ट्‌झवर त्या झटक्याची ताकद २ वॉटपर्यंत जाते. जवळची ऑक्स वायर अँटेनासारखी ते झटके पकडते. फोन स्टिरिओपासून आणि वायरीपासून हातभर दूर ठेवा, जास्तीची वायर वेटोळं करून फोनखाली ठेवू नका. गाणी डाउनलोड केलेली असतील आणि कुणाच्या फोनची वाट नसेल, तर घाट उतरेपर्यंत फ्लाइट मोड.

ब्लूटूथवर अडखळतं

ही खरखर नव्हे, तुटणं आहे. घाटात ऑनलाइन गाणं तुटत असेल तर तो नेटवर्कचा प्रश्न आहे. निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर गाणी उतरवून घ्या. उतरवलेलं गाणंही तुटत असेल, तर फोन आणि स्टिरिओ दोन्हींतून एकमेकांची जोडणी पुसा, दोन्ही बंद करून पुन्हा चालू करा आणि नव्याने जोडा. आणि गाणं एकदम जुन्या टेलिफोनसारखं चपटं येत असेल, तर जोडणी फक्त कॉलपुरती झाली आहे. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावापुढे मीडिया ऑडिओ चालू करा.

एफएम ट्रान्समीटर वापरत असाल तर

ज्या गाडीत ऑक्स नाही, ब्लूटूथ नाही, तिथे लायटरमध्ये घालायची ही डबी चालते. ती फोनचं गाणं एफएमवर सोडते आणि रेडिओ ते पकडतो. एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्‌झचा. डबी न लावता रेडिओ हाताने फिरवा आणि जिथे नुसती फसफस आहे, शेजारच्या दोन आकड्यांवरही स्टेशन नाही, अशी जागा निवडा. सिंधुदुर्गात अशा जागा भरपूर. पण बांदा ओलांडून गोव्यात शिरलात की पणजीची स्टेशनं मधे घुसतात, तिथे जागा बदलावी लागते. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी किनाऱ्यावर आणखी एक प्रकार घडतो. समुद्रावर गार दमट हवेच्या थरावर गरम कोरडी हवा बसते आणि रेडिओच्या लहरी त्या थरात अडकून खूप लांबवर येतात. काल मोकळी असलेली जागा आज अचानक भरलेली दिसली, तर डबी बिघडली असं समजू नका.

अँटेनाचं मूळही बघा. छतावरचा दांडा फिरवून काढता येतो, त्याच्या आट्यांत मीठ बसतं. मात्र स्टिरिओला ऑक्स किंवा यूएसबी असेल, तर या डबीच्या नादी लागू नका. तिचा आवाज त्या दोघांइतका स्वच्छ कधीच येत नाही.

फडफड: ढोल वाजला की

स्टिरिओत बॅलन्स डावीकडे, मग उजवीकडे न्या, फेडर पुढे-मागे करा. फडफड एकाच दारातून येत असेल तर तिथला स्पीकर बहुधा फाटला आहे. दाराच्या आत पावसाचं पाणी उतरतंच. ते निघायची खालची भोकं मातीने आणि पालापाचोळ्याने बुजली, की ओल आत कोंडते आणि कागदी पडदा मऊ पडतो. पावसाळ्याआधी काडीने ती भोकं मोकळी करा. एका बाजूचा आवाज पूर्णच गेला असेल तर उंदराचीही शंका घ्या, विशेषतः गाडी भाताच्या कणगीजवळ किंवा काजूच्या गोदामाशेजारी लागत असेल तर.

वायरमनकडे न्यायची वेळ आली तर

त्याला "आवाज येतो" एवढंच सांगू नका. "इंजिन चालू केल्यावर शिट्टी येते, चार्जर काढला तरी राहते, पेनड्राइव्हवरही येते" असं सांगा. त्याचा अर्धा तास वाचतो आणि तुमचा नको तो खर्च. वायरी नुसत्या पिळून त्यावर टेप गुंडाळायला देऊ नका. आपल्या हवेत टेपचा गोंद सुटतो आणि आतलं तांबं हिरवं पडतं. डाग द्यायला किंवा क्रिंप करायला (धातूच्या नळीत दाबून जोडायला) सांगा, वरून हीटश्रिंकची, म्हणजे गरम केली की आवळणारी, नळी चढवून घ्या. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर आवाजाच्या वायरी गाडीच्या एका बाजूने आणि बॅटरीची जाड वायर दुसऱ्या बाजूने ओढायला सांगा.

काम झालं की गाडी तिथेच चालू करा. दिवे, पंखा, वायपर सगळं लावा, फोन चार्जिंगला जोडा, गाणं थांबवून अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि स्पीकरला कान द्या. आवाज नसेल तर पैसे द्या आणि निघा. घरी पोचल्यावर ऑक्सची वायर सॉकेटमध्ये लटकत ठेवू नका, पुसून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सॉकेटचं रबरी झाकण लावा.